‘अ रिंकल इन टाइम’ वर्गात घ्यायची आहे? कादंबरी, चित्रकादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवून

मॅडेलीन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ शिकवायची असं ठरलं, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: नेमकी कोणती? १९६२ची मूळ कादंबरी, होप लार्सन यांनी २०१२मध्ये तिची केलेली चित्रकादंबरी, की अव्हा ड्यूव्हर्ने यांनी दिग्दर्शित केलेला डिस्नेचा २०१८चा चित्रपट? (टीव्हीसाठी २००३मध्ये केलेला आणखी एक चित्रपट आहे. तो सोडून द्या. खुद्द लेखिकेला तो आवडला नव्हता आणि तिने ते लपवलंही नाही.)

गोष्ट तिन्हींत तीच. चिडकी, चष्मेवाली, शाळेत कुणाशी न जमणारी मेग मरी, तिचा पाच वर्षांचा विलक्षण हुशार भाऊ चार्ल्स वॉलेस आणि नव्यानेच ओळख झालेला कॅल्विन हे तिघं बेपत्ता शास्त्रज्ञ वडिलांना शोधायला निघतात. मिसेस व्हॉटसिट, मिसेस हू आणि मिसेस विच या तीन अजब बाया त्यांना विश्वाच्या पार दुसऱ्या टोकाला नेतात. पण अकरा ते तेरा वयाच्या मुलांच्या वर्गात यातून हाती काय लागतं, ते तिन्हींत फार वेगळं आहे.

माझा कौल आधीच सांगते. वेळ असेल तर कादंबरी. नसेल तर चित्रकादंबरी, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. चित्रपट या दोन्हींपैकी एक संपल्यावरच, आणि तोही तुकड्यांत.

वेळेचा हिशेब

कादंबरीत बारा प्रकरणं आहेत, शब्द सुमारे ५०,०००. सलग प्रकटवाचन केलं तर साडेपाच ते सहा तास लागतात. चाळीस मिनिटांची तासिका धरली तर नुसत्या वाचनातच नऊ तासिका जातात. चर्चा आणि लेखन जमेस धरलं तर अठराच्या खाली आकडा येत नाही. म्हणजे आठवड्याला चार तासिका मिळाल्या तरी महिनाभर तरी हवा.

चित्रकादंबरी ३९२ पानांची आहे. हातात घेतल्यावर मुलं दचकतात, पण पानं भराभर उलटतात. घरी वाचायला दिली तर वर्गातला वेळ निम्म्यावर येतो. चित्रपट १०९ मिनिटांचा, म्हणजे तीन तासिकांत आटोपतो. कागदावर तोच जिंकतो, आणि वेळापत्रक आखणाऱ्यांना तोच मोह पडतो.

सुरुवातीचा चढ

कादंबरीची पहिली तीन प्रकरणं जवळजवळ घरातच घडतात. वादळी रात्र, स्वयंपाकघर, माळ्यावरची खोली, शाळेतली भांडणं. पुढे काय येणार हे मोठ्यांना ठाऊक असतं म्हणून ती मोहक वाटतात. मुलांना वाटतं, गोष्ट सुरूच होत नाहीये. त्यात मिसेस हू बोलते ती अवतरणांतून: लॅटिन, स्पॅनिश, इटालियन, जर्मन, फ्रेंच, पोर्तुगीज, ग्रीक. इंग्रजी आधीच अडखळत वाचणाऱ्या मुलाने इथे पुस्तक मिटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

उपाय सोपा आहे. ही तीन प्रकरणं मौनवाचनाला किंवा घरी देऊच नका. शिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचावीत, आवाज बदलून, थोडं नाटकी झालं तरी चालेल. मिसेस विच शब्द लांबवत बोलते, ते तर छापील पानापेक्षा कानाला कितीतरी बरं लागतं.

चित्रकादंबरीत हा चढ जाणवत नाही. काळा, पांढरा आणि निळा एवढ्याच रंगांत लार्सन मेगचा वैताग तिच्या खांद्यांत आणि भुवयांत दाखवतात. संवाद बरेचसे मूळचेच ठेवलेत, वर्णनं चित्रांत गेलीत. २०१३मध्ये या पुस्तकाला किशोरवयीनांसाठीच्या सर्वोत्तम प्रकाशनाचं आयस्नर पारितोषिक (कॉमिक्सच्या जगातला मोठा सन्मान) मिळालं ते उगाच नाही. चित्रपट मात्र इथे घाई करतो. घर नीट ओळखीचं होण्याआधीच आपण दुसऱ्या ग्रहावर असतो.

विज्ञान शिकवायचं म्हणून घेत असाल तर

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळ शिक्षक ही कादंबरी ‘विज्ञानाशी सांगड’ म्हणून निवडतात आणि मग पाचव्या प्रकरणात अडकतात.

त्या प्रकरणात अंतर न कापता अंतर पार कसं करायचं, हे समजावलं आहे. झग्याची कड दोन हातांत ताणून धरली आहे, एका हातावरून मुंगीला दुसऱ्या हातावर जायचं आहे. दोन्ही हात जवळ आणले की मुंगी लगेच पलीकडे. हे वर्गात दोरी घेऊन दोन मिनिटांत करून दाखवता येतं. पुढे लेखिका मिती मोजते: रेषा, चौरस, घन, चौथी मिती काळ, आणि पाचवी टेसरॅक्ट.

गणितात मात्र टेसरॅक्ट म्हणजे चार मितींचा घन. चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांनी १८८८मध्ये हा शब्द वापरात आणला, तोही याच आकृतीसाठी. कादंबरीने तो उचलून प्रवासाच्या युक्तीला चिकटवला. ही विसंगती झाकू नका, तिच्यावरच एक तासिका घ्या. फळ्यावर बिंदू, रेषा, चौरस आणि घन यांचे कोपरे लिहा: १, २, ४, ८. पुढचा आकडा मुलं स्वतःच सांगतात, १६. मग कडा: ०, १, ४, १२. इथे मुलं अडतात. सूत्र असं की आधीच्या आकृतीच्या कडा दुप्पट करायच्या आणि त्यात तिचेच कोपरे मिळवायचे. घनाच्या कडा दुप्पट केल्या की २४, अधिक ८ कोपरे, म्हणजे टेसरॅक्टच्या कडा ३२. कधीही न पाहिलेल्या आकृतीच्या कडा आपण मोजल्या, हे लक्षात आल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही स्पेशल इफेक्टने पसरत नाही.

लेखिकेची घडी घालण्याची कल्पना भौतिकशास्त्रातल्या दुसऱ्याच गोष्टीच्या जवळ जाते. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५मध्ये अवकाशाचे दोन भाग जोडणाऱ्या ‘पुला’ची गणिती शक्यता मांडली होती. ‘वर्महोल’ हे नाव १९५७चं, आणि त्यातून पार जाता येईल का, यावर मॉरिस आणि थॉर्न यांचा प्रसिद्ध लेख १९८८चा. कादंबरी या दोन टोकांच्या मधोमध येते, हे मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

चित्रकादंबरीत मुंगीचं उदाहरण चित्रातच दिसतं, त्यामुळे शिक्षकाचे शब्द वाचतात. चित्रपटात ही सगळी चर्चा सुरुवातीच्या एका व्याख्यानात उरकते आणि मग योग्य फ्रिक्वेन्सी जुळवण्याच्या भाषेवर जाते. दिसायला सुंदर, पण त्यातून विचार करायला काहीच उरत नाही. विज्ञानासाठी चित्रपट निवडणं मला तरी वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं.

कॅमाझॉट्झ: इथे चित्रपटाला मान द्यावाच लागतो

कॅमाझॉट्झ या ग्रहावर सगळं एका ठेक्यात चालतं. सारखी घरं, प्रत्येक घरापुढे एक मूल, सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी जमिनीवर आपटतात. पुस्तकात तेवढ्यात एका मुलाचा चेंडू निसटतो आणि त्याची आई घाबरून त्याला आत ओढते. चित्रपटाने हा ठेका पडद्यावर आणलाय तो अंगावर काटा आणणारा आहे. पुस्तकात वाचताना काही मुलांना यात भीती कसली, तेच कळत नाही. पडद्यावर पाच मिनिटांत कळतं. हा तुकडा जरूर दाखवा, पण सहावं प्रकरण वाचून झाल्यावर. आधी दाखवलात तर मुलांच्या डोक्यात तेच चित्र कायमचं बसतं.

मात्र त्यापुढचा खरा गाभा चित्रपटात नाही. नवव्या प्रकरणात मेग ‘इट’ नावाच्या प्रचंड मेंदूसमोर उभी आहे. मनाचा ठेका त्याच्या ठेक्यात मिसळू नये म्हणून ती पाठ असलेलं काय काय म्हणते, त्यात अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही येतो: सगळी माणसं समान आहेत. यावर तिला ऐकवलं जातं, की मग इथे तेच तर आहे, सगळे अगदी एकसारखे. आणि मेगला उमगतं, की एकसारखं असणं आणि समान असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते ही कादंबरी वर्गात आणावी ती या एका पानासाठी. बारा वर्षांच्या मुलांना गणवेश, गुण, वागण्याचे नियम यांविषयी बोलायचंच असतं, त्यांना फक्त शब्द हवे असतात. दोन पानी निबंध लिहून घ्यायचा तर इथेच घ्या. चित्रकादंबरीत ही चकमक आहे, पण चौकटी पटापट सरकतात, म्हणून मुलांना त्या पानावर मुद्दाम थांबवावं लागतं.

शीतयुद्धाचा संदर्भ द्यायचा का? थोडक्यात द्या. फार खेचलात तर मुलं ‘कॅमाझॉट्झ म्हणजे सोव्हिएत रशिया’ असं उत्तर लिहून मोकळी होतात. यावर एक छान उतारा आहे: लेखिकेच्या हस्तलिखितातला, छापताना गाळलेला मजकूर, जो तिच्या नातीमुळे २०१५मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने प्रसिद्ध केला. त्यात वडील मेगला सांगतात, की अशी जागा केवळ हुकूमशहांमुळे तयार होत नाही, सुरक्षिततेची हाव अती झाली तरी होते. निबंध लिहून झाल्यावर हा उतारा वाचायला द्या. काहींना आपलं लिखाण बदलावंसं वाटेल.

चित्रपटात गाळलेलं प्रकरण

वडील सापडतात, पण ते सगळं ठीक करू शकत नाहीत. चार्ल्स वॉलेसला शत्रूच्या ताब्यात सोडून त्यांना मेग आणि कॅल्विनला घेऊन निसटावं लागतं. मेग त्यांच्यावर भयंकर संतापते, आणि हा संताप लेखिका पानंच्या पानं शमवत नाही. नायिकेला इतकं चिडू देणारी बालकादंबरी १९६२मध्ये विरळच. निघताना मिसेस व्हॉटसिटने मेगला भेट म्हणून तिचेच दोष दिलेले असतात, ते का, हे इथे कळायला लागतं.

मग येतो इक्शेल ग्रह आणि तिथली, डोळे नसलेली, मायाळू आंट बीस्ट. ती विचारते, पाहणं म्हणजे काय? उजेड म्हणजे काय? मेगला सांगता येत नाही. वर्गासाठी यासारखा आयता स्वाध्याय सापडायचा नाही: कधीच न पाहिलेल्या कुणाला उजेड समजावून सांगा, रंगाचं नाव न घेता. चित्रपटाने इक्शेलचा हा मुक्कामच कापला आहे. चित्रकादंबरीने तो राखला आहे, पण डोळे नसण्याची गोष्ट चित्रांतून सांगताना थोडी अडचण होतेच. हे प्रकरण शब्दांचंच आहे.

हरकती येऊ शकतात

कादंबरीत अंधाराशी, म्हणजे विश्वातल्या दुष्टाव्याशी, लढणाऱ्यांच्या यादीत येशू, लिओनार्दो, शेक्सपिअर, बाख, मादाम क्युरी, आइन्स्टाइन, बुद्ध आणि गांधी एकत्र आहेत. बायबलमधल्या ओळी आहेत, स्फटिकगोलात पाहणारी बाईही आहे. त्यामुळे काहींना ही कादंबरी फार ख्रिस्ती वाटली, तर काहींना पुरेशी ख्रिस्ती वाटली नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या १९९०च्या दशकातल्या सर्वाधिक हरकतींच्या यादीतही ती होती. चित्रपटाने धार्मिक धागे जवळपास काढून टाकलेत, तेवढ्यापुरता तो निर्धोक. तरी हरकतीच्या भीतीने निवड फिरवू नका. पालकांना आधी चार ओळी लिहून कळवलं की बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

चित्रपटाची खरी ताकद दुसरीकडे आहे. स्टॉर्म रीडने साकारलेली मेग कृष्णवर्णीय आईची मुलगी आहे, चार्ल्स वॉलेस दत्तक घेतलेला आहे, पुस्तकातले जुळे भाऊ गायब आहेत. हे का बदललं असेल, यावर मुलं तावातावाने बोलतात, फक्त मूळ काय होतं ते त्यांना माहीत असायला हवं.

संच मागवताना

सगळ्यांसाठी एकच आवृत्ती घ्यायची गरज नाही. वर्गासाठी कादंबरीचा संच आणि सोबत चित्रकादंबरीच्या पाच-सहा प्रती मागवा. वाचनात मागे राहणाऱ्या मुलांना तोच भाग चित्रकादंबरीतून वाचू द्या. संवाद बव्हंशी मूळचेच असल्याने ती चर्चेत मागे पडत नाहीत, आणि ‘सोपं पुस्तक’ हा शिक्काही बसत नाही, कारण मुंगीचं चित्र बघायला इतर मुलंही त्याच प्रती ओढून घेतात. पाचवं, नववं आणि अकरावं प्रकरण मात्र सगळ्यांनी मूळ शब्दांत ऐकावं. महिन्याऐवजी आठवडाच हाती असेल तर सगळ्यांना चित्रकादंबरी द्या आणि ही तीन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा.

शेवटचं प्रकरण घाईत गुंडाळलं आहे, हे मुलं सांगतीलच, आणि ती चुकीची नाहीत. तिघी बाया वाक्य अर्धवट टाकून वाऱ्यासरशी नाहीशा होतात. ते वाक्य पुरं करायला सांगा. त्याला गुण देऊ नका.