खोक्यावर ‘डिमेबल’, बल्बवर फुली

घरात भिंतीवर जुना डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करायची चकती) आहे आणि त्यावर लावायला एलईडी बल्ब शोधताय, तर माझं हे वाचून मग पैसे काढा.

विक्रेत्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की बल्ब डिमरवर लावायचे आहेत. त्याने काढून दिलेल्या खोक्यांवर ‘डिमेबल’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं आणि त्यापायी भावही साध्या बल्बपेक्षा बराच चढा होता. बिलावर तो शब्द मी लिहून घेतला. पुढे सगळा निभाव त्या एका शब्दावर लागला.

पूर्ण उजेडात बल्ब झकास चालले. डिमरची चकती अर्ध्यावर आणली की फडफडायला लागायचे, आणखी खाली नेली की एकदम गुडुप. परत लावायचे तर चकती पार वरपर्यंत न्यायची. जवळ कान नेला तर बारीक गुणगुण ऐकू यायची.

तक्रार केल्यावर उत्तर तयारच होतं: ‘बल्ब उत्तम आहेत, तुमचा डिमर जुना आहे. एलईडीचा डिमर वेगळा येतो.’ फसवणुकीतला सगळ्यात चलाख भाग हाच, कारण त्याचं हे म्हणणं खरं आहे. जुना डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर हे सेकंदाला 100 वेळा होतं. तारेच्या बल्बला त्याचं काही वाटत नाही. तेवढ्या वेळात तार थंड होत नाही, फक्त कमी तापते. एलईडीच्या पोटात मात्र ड्रायव्हर नावाचं सर्किट असतं. साधा ड्रायव्हर तुकडे पडलेली वीज मिळाली तरी एलईडीला ठरलेला करंट पुरवायची धडपड करतो, आणि ते जमेनासं झालं की लुकलुकतो. डिमेबल ड्रायव्हर लाट किती कापली गेली ते ओळखून करंट कमी करतो. शिवाय जुन्या डिमरांना किमान भार लागतो, बहुधा 40 ते 60 वॅटच्या आसपास. त्याच्यापुढे 9 वॅटचा एकटा एलईडी म्हणजे भार नसल्यातच जमा. म्हणजे अस्सल डिमेबल बल्बसुद्धा जुन्या डिमरवर फडफडू शकतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. बल्ब रडला की डिमरकडे बोट, डिमर रडला की बल्बकडे, आणि दोन्ही त्याच्याकडूनच घेतले असतील तर वायरिंग आहेच!

झालंही तसंच. लाटेचा शेवटचा भाग कापणारा, एलईडीला सहसा जास्त मानवणारा नवा डिमर त्याने गळ्यात मारला. फडफड थोडी कमी झाली, गेली नाही. मग म्हणे वायरिंग तपासून घ्या.

वायरिंग चोख निघालं. मग खोकं उजेडात नीट पाहिलं. ‘डिमेबल’ हा शब्द छापलेला नव्हताच, स्टिकरवर होता, आणि स्टिकरचा एक कोपरा सुटलेला. नखाने सोलत नेला तर खाली कंपनीने छापलेलं छोटं चित्र: डिमरची चकती आणि तिच्यावर फुली. तेच चित्र फिकट राखाडी रंगात बल्बच्या मानेवरही होतं, होल्डरच्या जरा वर. त्याच स्टिकरवर ‘100 वॅटइतका उजेड’ असाही दावा होता. खाली छापील आकडा होता 806 ल्यूमेन (उजेडाचं माप), म्हणजे तारेच्या 60 वॅटच्या बल्बइतका. 100 वॅटच्या बरोबरीला साधारण 1500 ल्यूमेन तरी हवेत.

फोटो आणि बिल समोर ठेवल्यावर त्याने बल्ब बदलून द्यायची तयारी दाखवली. बदली मालाच्या खोक्यावर ‘डिमिंग’ हा शब्द खरोखर छापलेला होता. पण हा प्रकार वेगळा. भिंतीवरचं साधं बटण बंद करून लगेच चालू केलं की उजेड एकेक पायरी उतरतो, पूर्ण, मग निम्मा, मग अगदी मंद. त्याला डिमर लागत नाही, आणि खोक्यावर वेगळं लिहिलेलं नसेल तर तो डिमरवर लावायचाही नसतो. डिमर नसलेल्या घरात सोय छान आहे, पण मी मागितलं होतं ते हे नव्हे. मी पैसेच परत मागितले.

फुलीवाला बल्ब डिमर पूर्ण वर ठेवूनसुद्धा वापरू नका. डिमरमधून येणाऱ्या विजेच्या झटक्यांनी ड्रायव्हरमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) तापतो आणि बल्ब लवकर जातो.

आता लावलेले बल्ब डिमरच्या उत्पादकाने दिलेल्या जुळणाऱ्या बल्बच्या यादीत पाहून, मॉडेल क्रमांकासकट घेतलेत. आधी एकच आणला, सर्वांत खालच्या टोकाला फडफडतो का ते पाहिलं, मगच बाकीचे घेतले. खोक्यावर ‘10 टक्क्यांपर्यंत’ असेल तर फार मंद उजेडाची आशा धरू नका. मोजमापाचे 10 टक्के डोळ्याला जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतके भासतात. आणि तारेचा बल्ब मंद होताना जसा तांबूस होत जायचा, तसा साधा डिमेबल एलईडी होत नाही. 2700 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, 2700 म्हणजे पिवळसर) असेल तर तळालाही तसाच राहतो. तो तांबूसपणा हवा असेल तर ‘वॉर्म डिम’ नावाचा प्रकार मिळतो, त्याचे पैसे आणखी जास्त.

बल्बचे पैसे मिळाले, तेही बरीच घासाघीस करून. नव्या डिमरचे मात्र त्याने दिले नाहीत. बिलावर नुसतं ‘डिमर’ होतं, कोणत्या बल्बसाठी ते लिहिलेलं नव्हतं.