जांभ्याची नमुनापेटी: पेटी घ्या, हिरवी कुपी बाजूला ठेवा

सोलापुरात कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानात जांभ्याच्या उभ्या छेदाची सहा कप्प्यांची लाकडी पेटी मिळते. खालून वर ताजा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, मुरूम, शाडूसारखी पांढरी केओलिनाइट माती, लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा थर, बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं धातुक) आणि सर्वांत वर लोखंडी कवच. नमुने अस्सल आहेत, क्रमही बरोबर.

गोंधळ आहे तो सोबतच्या कार्डात. ‘पावसाने धुपून सगळे धातू वरच्या थरात साठतात,’ असं त्यात सरसकट छापलंय. लोह आणि ॲल्युमिनियम जागेवर राहतात, हे खरं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी वाहून जातात, मागोमाग सिलिका. निकेल मात्र वरून निसटून खाली मुरमात बसतं. गार्निएराइट या निकेलच्या खनिजाची हिरवी कुपी मुरमाच्या कप्प्यात ठेवलीय ती त्यामुळेच, पण शेजारी दख्खनचा बेसाल्ट! ते खनिज न्यू कॅलेडोनियासारख्या ठिकाणच्या ऑलिव्हिन हे मॅग्नेशियमचं खनिज भरपूर असलेल्या खडकांवर होतं. त्या मूळ खडकात निकेल 0.2-0.3 टक्के असतं, वरच्या पिवळ्या थरात साधारण 1 ते 1.5 आणि खालच्या मुरमात 1.5 ते 3. कोबाल्ट या दोन थरांच्या सीमेजवळ, मँगनीजच्या काळ्या रेघांत सापडतो. आपल्या बेसाल्टमध्ये मुळात निकेल फारच थोडं, त्यामुळे कुपी वेगळी दाखवलेलीच बरी.

बॉक्साइटचा नमुना उत्तम. 105 अंशांवर वाळवून 2 ग्रॅम भुकटी मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) 1000 अंशांपर्यंत तापवा. शुद्ध गिब्साइट (बॉक्साइटमधलं ॲल्युमिनियमचं खनिज) असेल तर त्यातलं पाणी उडून वजन सुमारे 0.7 ग्रॅमने घटतं, केओलिनाइटचं जेमतेम 0.28. नमुन्यात गोएथाइट हे लोहाचं खनिज मिसळलेलं असतं, म्हणून आकडा मधेच कुठेतरी येणार. स्पिरिटच्या दिव्यावर हा प्रयोग करू नका, पुरेशी उष्णताच मिळत नाही.

झाकणाला फट असल्याने कवचाची लाल धूळ पांढऱ्या मातीवर उतरते आणि ती गुलाबी दिसू लागते. झिपच्या पिशव्या वापरा. शाईची लेबलंही बोटाने पुसली जातात.

पेटीत सातवा कप्पा हवा होता, सोलापूरच्या काळ्या मातीचा. खडक तोच बेसाल्ट, पण पाऊस कमी आणि निचरा मंद, म्हणून सिलिका मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजात अडकते आणि कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की खडा फसफसतो, जांभा ढिम्म राहतो.