माजघरातली तीन झाडं, आठ महिन्यांनंतर

सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकली आणि जानेवारीअखेर नर्सरीतून मनीप्लांट, झीझी आणि स्नेक प्लांट आणले. ठेवले माजघरात. आमचं घर जुन्या पेठेतलं. माजघराला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. भर दुपारीही पेपर वाचायचा तर दिवा लावावा लागतो.

पहिल्या दीड महिन्यात मनीप्लांटची सात पानं पिवळी पडून गळली. मला वाटलं, गेलं झाड. पण ती पानं नर्सरीतल्या भरपूर उजेडात वाढलेली, जाड होती. अंधारात अशी पानं कमावतात थोडं आणि खातात जास्त. मग झाड त्यांतलं नत्र काढून घेतं आणि त्यांना सोडून देतं. एप्रिलमध्ये एक जुनं आणि एक नवं पान तळहातावर ठेवून पाहिलं. नवं पातळ, गर्द हिरवं, पिवळे शिंतोडे जवळजवळ गेलेले. पिवळ्या भागात हरितद्रव्य फार कमी, एवढ्याशा उजेडात तो भाग परवडत नाही. म्हणून झाड जगणार की नाही हे नव्या पानावरून ठरवा, गळणाऱ्या पानांवरून नको. वेल मात्र लांबुडकी झाली. दोन पेरांत पूर्वी दोन बोटं अंतर होतं, आता चार. म्हणजे ती अजून उजेड शोधतेय. मी कुंडी खिडकीजवळ सरकवली.

मे महिन्यात बिचारीला जरा ऊन दाखवावं म्हणून गच्चीवर नेली. एका दुपारीत तीन पानं भाजली. सावलीत घडलेलं पातळ पान सोलापूरचं ऊन कसं सोसणार?

झीझी मी स्वतःच्या हाताने घालवली, याचं अजून वाईट वाटतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की भांडी, पिंप आणि सगळ्या कुंड्या भरायच्या, ही सवय. उजेड कमी असला की झाड पाणी फारच कमी ओढतं. बाहेर बेचाळीस अंश आणि माजघरातली माती पंधरा दिवस ओली! उपटून पाहिलं तर बटाट्यासारखे कंद मऊ पडून वास मारत होते. जूनमध्ये दुसरी आणली. आता बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी देते. तिला एक नवा कोंब आलाय. सासूबाईही आता नळ आला की आधी मला विचारतात.

स्नेक प्लांट मेला नाही, पण आठ महिन्यांत नवं पानही नाही. तो साठ्यावर तग धरून आहे, त्याला माजघर मानवलेलं नाही. गेल्या रविवारी त्याला दारापाशी आणलं. आठवडाभर तिथे ठेवून मग व्हरांड्यात नेणार.