सॅप क्वेरी: स्टँडर्ड एरिया की ग्लोबल एरिया?

सॅप क्वेरी म्हणजे प्रोग्राम न लिहिता सॅपमध्ये बनवलेला रिपोर्ट. डेव्हमध्ये (जिथे बनवतो ती सिस्टम) ती झकास चालते आणि क्वालिटीत (जिथे तपासतो ती) गेलं की एसक्यू०१ मध्ये, म्हणजे क्वेरीच्या स्क्रीनवर, यादीच रिकामी, असं झालं तर आधी एन्व्हायर्नमेंट मेनूत क्वेरी एरिया (क्वेरी ठेवायचा कप्पा: स्टँडर्ड किंवा ग्लोबल) कुठला निवडलाय ते बघा, मी एकदा अख्खी दुपार ऑथरायझेशन (युजरच्या परवानग्या) खणत बसलो आणि क्वेरी बापडी दुसऱ्याच एरियात.

स्टँडर्ड एरिया त्या एकाच क्लायंटपुरता (क्लायंट म्हणजे ग्राहक नव्हे, एकाच सॅप सिस्टममधला स्वतंत्र विभाग). युजरला पटकन काहीतरी बनवून द्यायचं तर हाच बरा, पण पुढे न्यायचं म्हणजे एसक्यू०२ (इन्फोसेटची स्क्रीन) मधून एक्स्पोर्ट आपणच करायचा, त्यात इन्फोसेट (क्वेरीला मिळणाऱ्या फील्डचा संच) गेला आणि युजर ग्रुप (ती क्वेरी वापरणाऱ्यांचा गट) मागे राहिला की बोंब.

ग्लोबल सगळ्या क्लायंटना दिसतो, पॅकेज (काम कुठल्या गटात ठेवायचं) आणि रिक्वेस्ट (बदल पुढे नेणारी नोंद) विचारतो, बाकी नेहमीचा वर्कबेंच ट्रान्सपोर्ट, म्हणजे त्या रिक्वेस्टमधून बदल पुढच्या सिस्टममध्ये नेणं. प्रॉडक्शनला (रोजच्या खऱ्या वापराच्या सिस्टमला) जाणारं काम मी तरी इथेच करतो. कटकट एवढीच की ऐनवेळी एक कॉलम वाढवायचा तरी डेव्हपासून परत सगळी चक्कर.

आणि इन्फोसेटमध्ये फील्ड टाकून जनरेटचं ते लाल-पांढरं गोल बटण दाबायचं राहिलं तर एरिया कुठलाही असो, एसक्यू०१ मध्ये फील्ड शोधत बसा.