ए६ की अमेरिकन ए२? हाताने केलेल्या स्टॅम्पिंग कार्डांच्या मापाचा अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीपासून आजवर पावणेदोनशेच्या आसपास शुभेच्छाकार्डं केली. स्टॅम्प म्हणजे पोस्टाचं तिकीट नव्हे, पारदर्शक पॉलिमरचे शिक्के, ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून शाईच्या पॅडवर टेकवायचे ते. शाई कुठली, ठोकळा कुठला यावर लोक भरभरून सांगतात. मला सगळ्यात जास्त घोळात घातलं ते कार्डाच्या मापाने.

स्टॅम्पिंगचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले. तिकडे जो तो 'ए२ कार्ड' म्हणतो. मला वाटलं, आपल्या ए३-ए४च्याच घरातलं असेल. आपल्या हिशेबात ए२ म्हणजे ४२० बाय ५९४ मिमी, भिंतीवर लावावा एवढा कागद! त्यांचा ए२ सव्वाचार बाय साडेपाच इंच, म्हणजे १०८ बाय १४० मिमी. त्यांचा लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा. मधोमध कापून घडी घातली की दोन कार्डं, कपटाही वाया नाही. माझ्याकडे होता ए४, २१० बाय २९७. त्यांच्या २१६ मिमी रुंदीपुढे नेमका ६ मिमी कमी. एवढ्या सहा मिलिमीटरपायी एका ए४ मधून एकच कार्ड निघतं. पंचवीस कागदांचा पहिला गठ्ठा मी असाच संपवला आणि उरलेल्या पट्ट्या 'कधीतरी लागतील' म्हणून कपाटात कोंबल्या.

मग पाकिटं. इथे नाशिकला मला सहज मिळालं ते सी६, ११४ बाय १६२ मिमी. त्यात १४० मिमीचं कार्ड दोन सेंटीमीटर मागेपुढे सरकतं. नागपूरच्या आत्याचा फोन आला, "अगं, आत काय घातलंयस? खुळखुळ्यासारखं वाजतंय." सरकून सरकून टिकल्या निघाल्या होत्या आणि तळाशी गोळा झाल्या होत्या. म्हणून मग खास ए२ची पाकिटं ऑनलाइन मागवली, महाग पडली. पुढे ए६ कार्डांकडे वळल्यावर वाटलं, उरलेली पाकिटं त्यांना चालतील. पाकीट १४६ मिमी, कार्ड १४८. कात्री घेऊन बसले नाही एवढंच.

ए६ म्हणजे १०५ बाय १४८. ए४ मधोमध कापायचा, दोन ए५ होतात. प्रत्येकाची घडी घातली की ए६. एका कागदात दोन कार्डं, शून्य कचरा, आणि सी६ पाकीट याच मापासाठी बनवलेलं असतं. पण मी ए६ वर स्थिरावले त्याचं खरं कारण घडी. जाड कागदाला तंतूंची दिशा असते. तंतूंना समांतर घडी नीट बसते, आडवी घातली तर वरचा थर फुटून पांढरी भेग दिसते. गडद मरून कार्डावर ती भेग फार वाईट दिसते. माझ्या कागदाचे तंतू लांबीच्या बाजूने आहेत. असा ए४ आडवा अर्धा कापून ए६ची घडी घातली की ती तंतूंच्या रेषेतच पडते. तोच अख्खा ए४ दुमडून मोठं ए५ कार्ड केलं की घडी तंतूंना छेदते आणि फुटते. ए४ उभा चिरून लांब पट्ट्या दुमडल्या तरी तेच. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, तिकडची घडी चांगली. आणि घडीच्या रेषेवर आधी रिफील संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून ओढायचं. घडीच्या रेषा पाडायचं महागडं स्कोअरिंग बोर्ड मी घेतलं होतं, ते आता मुलाच्या चित्रकलेच्या वह्यांखाली आहे.

पोस्टाचा हिशेबही ए६ च्याच बाजूने. साध्या टपालात २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या २० ग्रॅमला आणखी ५. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) ए६ कार्ड ९.४ ग्रॅम, वर चिकटवलेला तेवढ्याच जाडीचा पुढचा तुकडा साडेचारच्या आत, पाकीट साधारण पाच. म्हणजे कसंबसं बसतं. फोम टेप लावून फुलं उचलून धरली की गेलं. ए५ कार्डाचा नुसता कागदच १८.७५ ग्रॅम, पाकिटासकट ते विसाच्या आत राहणं अशक्यच. आता स्वयंपाकघरातला काटा टेबलावर असतो.

ए६ची अडचण एकच, पण रोजची. स्टॅम्प आणि डाय (कागद ठरावीक आकारात कापणारे धातूचे साचे) अमेरिकन ए२ धरून बनवलेले. चार बाय सव्वापाच इंचांच्या डायने कापलेला तुकडा ए६ वर लावला की डावी-उजवीकडे दीड मिमी आणि वर-खाली साडेसात मिमी कडा राहते, टोपी आखूड झाल्यासारखी. मी तो तुकडा वर सरकवते आणि खाली काठपदराची कागदी पट्टी लावते. पैठणीचा काठ म्हणून लोक कौतुक करतात. त्यामागे मापाची लपवाछपवी आहे हे फक्त मला माहीत.

मराठी मजकुराचे स्टॅम्प तयार कमीच दिसतात, म्हणून रबरी शिक्के करणाऱ्याकडून करून घेतले. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एका ओळीत नऊ सेंटीमीटरमध्ये बसवायचा हट्ट मी केला. अक्षर इतकं बारीक झालं की 'र्दि'मधला रफार आणि वेलांटी शाईने भरून एकच काळा ठिपका उमटला. "ताई, दोन ओळी करा, मात्रांना जागा लागते," असं त्याने आधीच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा पैसे देऊन दोन ओळींचा केला, आणि ए६च्या उभ्या कार्डावर तोच शोभतो.

ए६ला एकच पर्याय मी जवळ ठेवला आहे, लांबट डीएल. ए४ मधून ९९ मिमीची पट्टी कापली की उरलेल्या भागाचं ९९ बाय २१० चं कार्ड होतं आणि ती पट्टी बरोबर त्याच्या पुढच्या बाजूला बसते. आषाढीला एकच वारकऱ्याचा स्टॅम्प नऊ वेळा ओळीने मारून दिंडी केली. ए६ वर चारच वारकरी मावले असते.

चौकोनी कार्डं दोनदा केली, पाकिटं शोधताना सोडून दिली.

आणि कपाटातल्या त्या पट्ट्या? ८१ मिमी रुंद होत्या. संक्रांतीला प्रत्येकीचे दोन तुकडे केले, घडी नाही, काही नाही, एका बाजूला पतंग आणि दुसरीकडे 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. घडी नसलेलं कार्ड अर्धवट वाटेल अशी धाकधूक होती. पण १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोलने छापून घेतलेलं पहिलं ख्रिसमस कार्डही असंच सपाट होतं, सव्वापाच इंचांहून जरा कमी लांबीचं. पन्नास तुकडे झाले, हलव्याच्या पुडीबरोबर सोसायटीत वाटले, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा फ्रिजवर अजून लावून ठेवलाय.