मोजमाप न घेता काढलेलं बिल

बांधकाम खात्याच्या हिशेब शाखेत माझी ३१ वर्षं गेली. ठेकेदाराचं बिल आलं की आधी एमबी उघडायची, म्हणजे मोजमाप पुस्तक. खोदकाम किती लांब, किती खोल, मोजलं कुणी, सही कुणाची. एमबीत नोंद नाही तर बिल परत. अशा माणसाने गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत दातांच्या क्लिनिकात १८,००० रुपये मोजले, एकही माप न पाहता. लिहायला लाज वाटते. पण आमच्या सोसायटीत आणखी तिघांनी पैसे भरले आणि त्यातले दोघे माझ्याच शब्दावर गेले होते.

सुरुवात रविवारच्या मोफत तपासणी शिबिराने झाली. क्लबहाउसमध्ये टेबल, बॅनर, मुलांना टूथपेस्टच्या छोट्या ट्यूबा. ब्रश करताना मला वर्षभर रक्त यायचं, म्हणून हिच्या आग्रहाने मीही रांगेत बसलो. एका मुलीने पेनाएवढा कॅमेरा तोंडात घातला आणि समोरच्या टीव्हीवर माझे खालचे पुढचे दात आतल्या बाजूने दिसले. पिवळट-तपकिरी कीटणाची नुसती भिंत. स्वतःचं तोंड कुणी एवढं मोठं करून दाखवलं की माणूस तिथेच निम्मा हरतो. (लाळेच्या नळ्या जिभेखाली उघडतात, त्यामुळे कीटण त्या जागी जरा जास्तच साठतं, हे नंतर कळलं.)

दुसऱ्या दिवशी क्लिनिकात पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, ओपीजी. डॉक्टर दोन मिनिटं येऊन गेले. बाकी सगळं बोलणं काचेच्या केबिनमधल्या बाईंशी. त्या डॉक्टर नव्हत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. “काका, हाड खाली गेलंय. साध्या क्लीनिंगने भागणार नाही. चारही भागांचं डीप क्लीनिंग करावं लागेल, लेझरसकट. नाहीतर वर्षभरात दात हलायला लागतील. आणि हिरड्यांचं इन्फेक्शन हार्टपर्यंत जातं.” हार्टचं नाव निघालं तशी ही म्हणाली, “अहो, करून टाका एकदाचं.” पॅकेज २४,००० चं, आजच बुक केलं तर १८,०००. मी कार्ड काढलं.

काम एकाच दिवशी पाऊण तासात आटोपलं. गार पाणी उडवणारं मशीन, आणि शेवटी पाच मिनिटं लाल उजेडाची एक कांडी हिरड्यांवरून फिरवली. इंजेक्शन दिलंच नाही. मला तर बरंच वाटलं, सुई टळली म्हणून. पुढे रक्त यायचं थांबलं, आणि पैसे वसूल झाले असं मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो.

सहा महिन्यांनी फोन आला. “मेंटेनन्स ड्यू आहे काका, परत चारही भाग.” परत तेवढेच पैसे. तेव्हा कुठे जुनी सवय जागी झाली.

ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटीला उतरलो. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे केसपेपर काढला. अर्धा दिवस बाकावर गेला, ते असो. हिरड्यांच्या विभागात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन बसली आणि शेजारी एक मुलगा कागद घेऊन. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती सळई अलगद सरकवायची आणि आकडे पुकारायची. “तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन.” एका दाताची सहा मापं, तीन गालाकडून, तीन जिभेकडून. तो लिहून घ्यायचा. मध्येच ती म्हणाली, “थ्री-सिक्स मिसिंग,” आणि त्याने कागदावरच्या त्या दाढेवर फुली मारली. खालची डावीकडची ही दाढ मी २००९ साली काढून टाकलीय. साइटवर टेप धरून मापं ओरडणारे आमचे ज्युनिअर इंजिनिअर डोळ्यांपुढे आले. ही खरी एमबी! माझ्या १८,००० च्या कामात कुणी एक आकडा पुकारला नव्हता.

तिथल्या सरांनी समजावून सांगितलं. फट १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त, वर रक्त येतंय आणि एक्स-रेत हाड झिजलेलं दिसतंय, तर रोग आत उतरलाय. डीप क्लीनिंग त्यासाठी. हिरडीखाली मुळापर्यंत जाऊन साफ करायचं असतं, म्हणून सहसा इंजेक्शनने भाग बधिर करतात आणि काम बहुतेक वेळा दोन-चार खेपांत करतात. महिना-दीड महिन्याने परत मापं घेऊन फट किती भरली ते बघतात. उपचार अगदी खरा आहे. माझ्या मधुमेही भावाला तो करावाच लागला होता. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो, आणि त्याचे दात त्यानेच टिकले. तेव्हा माझी कथा वाचून कुणी रक्त येणाऱ्या हिरड्या तशाच ठेवू नका, आणि साफ केल्याने दात ढिले होतात हेही मनातून काढून टाका.

माझी आताची मापं २-३, फक्त दोन दाढांपाशी ४. पण सर प्रामाणिक होते. म्हणाले, “उपचारानंतर फटी कमी होतात. आधी किती होत्या हे या कागदावरून मी सांगू शकत नाही. पहिला चार्ट आणा.” मोबाइलमधला जुना ओपीजी मात्र त्यांनी मोठा करून नीट पाहिला. “हाड तर जवळपास सगळीकडे जागच्या जागी आहे. खाली गेलंय म्हणून कुणी सांगितलं?”

क्लिनिककडे चार्ट मागितला. दहा दिवस “पाठवतो, पाठवतो” चाललं. मग व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. बत्तीसच्या बत्तीस दात, सगळ्या घरांत ५, ६, ५. छत्तीस नंबरच्या दाढेपुढेही ५, ६, ५. न खोदलेल्या विहिरींची मापं नोकरीत पाहिली होती. जागेवर नसलेल्या दाढेची खोली पहिल्यांदाच पाहिली.

तो कागद दाखवल्यावर बाई ५,००० परत द्यायला तयार झाल्या, “गुडविल म्हणून”. मी नाही म्हटलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फीही नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून आमच्या सोसायटीतल्या त्या तिघांनाही सांगितलंय की आधी आपापला चार्ट लेखी मागा. चार्ट मागायची वेळ खरं तर कार्ड काढण्याआधीची. मापं किती आली, घेतली कुणी, सुन्न करणार का, किती खेपा, पुन्हा कधी मोजणार, एवढं विचारलं असतं तर ती केबिन दहा मिनिटांत गार पडली असती.

ठाण्याच्या जिल्हा आयोगात माझी तक्रार दाखल झालीय, तारीख अजून लागायचीय. दोन्ही चार्ट जोडलेत. मूळ प्रती माझ्याकडे आहेत आणि दोन्हींवर छत्तीस नंबरच्या घराभोवती मी लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवलाय. एकात फुली आहे, दुसऱ्यात ५, ६, ५.