व्हेट (जनावरांचा डॉक्टर) व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांना आधी इथे पाठवा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचं हे क्लिनिक कुत्र्या-मांजरांसाठी चांगलं आहेच पण मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. इथले सर अकरावी-बारावीच्या मुलांना सुट्टीत काम बघायला येऊ देतात, एक रुपया घेत नाहीत, फक्त घरच्यांची लेखी परवानगी हवी आणि रेबीजचे डोस आधीच घेतलेले हवेत.

माझ्या भाचीचं लहानपणापासून व्हेट व्हायचं ठरलेलं. पण त्यासाठी नीटची परीक्षा द्या, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि कॉलेजं मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर अशी, म्हणजे घर सोडणं आलंच. रोजचं काम न बघता एवढं ठरवायचं हे मला पटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात पार्वो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार) झालेलं पिल्लू आलं. हिला लांबूनच बघू दिलं, पण पुढच्या पायाचे केस काढून सलाईनची सुई लावेपर्यंत कंपाउंडर दादांनी एका हाताने मान आणि दुसऱ्याने कोपर मागून कसं धरून ठेवलं होतं ते ती घरी येऊन उशीवर करून दाखवत होती, कारण पाय मागे ओढला की शीर सुटते. खर्च ऐकून गप्प झालेल्या मालकाशी सर किती शांतपणे बोलले तेही तिने बघितलं आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

दिंडोरीकडच्या गोठ्यावर पण नेलं. सर खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गाय गाभण आहे का बघत होते, तिथे सोबतचा मुलगा मागे सरकला आणि आमची बाई पुढे! त्या मुलाला सरांनी अजिबात कमी लेखलं नाही. ग्रूमिंग, डॉग ट्रेनिंग याला व्हेटची डिग्री लागत नाही म्हणाले, आणि पक्षी आवडतात ना, मग नांदूरमध्यमेश्वरला जा, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथल्या गाईड लोकांशी बोल. तो जाऊन आला, आता झूलॉजीचं बघतोय.

पार्किंगचे हाल आहेत आणि शनिवारी संध्याकाळी इतकी गर्दी की समजावून सांगायला कोणालाच वेळ नसतो, त्यामुळे मधल्या वारी सकाळी जा. मे महिन्यासाठी मार्चमध्येच विचारून ठेवा, एका वेळी दोनच मुलं घेतात. आणि बूट बंदच घाला, चप्पल असेल तर परत पाठवतात.